उजेड हलला तर

बारकीने वर्गातल्या एका मुलीचं तोंड फोडलं, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

झालं होतं एवढंच, की त्या मुलीने गंमत म्हणून फुगवलेली कागदी पिशवी तिच्या कानाशी फोडली. सगळा वर्ग खिदळला. बारकी ओरडली नाही, दचकलीही नाही. तिने बाकावरची पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि त्या मुलीच्या तोंडावर हाणली. मुलगी खाली कोसळली, तरी ही थांबेना. तिघीचौघींनी ओढून बाजूला केलं तेव्हा फरशीवर रक्तात दोन दात पडले होते, आणि बारकीला साधी धापही लागली नव्हती.

मामा आपल्या लाँड्रीतून ओल्या हातांनी तसाच शाळेत धावला. त्याने बाईंपुढे हात जोडले. पोरीने लढाई पाहिली आहे, बाप तिकडेच गेला, असं सांगून पाहिलं. दात पडलेल्या मुलीची आई म्हणाली, मग त्याची भरपाई माझ्या लेकीने का करायची? मामा खाली मान घालून परत आला.

बारकी त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण आजारपणात लवकर गेली, पोरीला बापानेच वाढवलं. पुढे त्यांच्या गावावर सैन्य चालून आलं, बाप मारला गेला, आणि पंधराव्या वर्षी ही पोर निर्वासितांच्या ट्रकमधून मामाच्या दारात उतरली. उंचीने ती मामीच्या वर गेली होती, पण घरात नाव बारकीच राहिलं. बाप कसा गेला, याबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता. मामी विषय काढायला लागली की ती उठून कपड्यांच्या घड्या घालत बसायची.

शाळेने तिला काही दिवस घरी बसवलं. चारदोन दिवसांत झोप पुन्हा उडाली. मग तिने स्वतःच वाट शोधली. कोपऱ्यावरच्या गॅरेजपाशी एक टवाळ तरुण येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना काहीबाही बोलायचा. बारकी मुद्दाम तिथून जायला लागली, पिशवीत अर्धी वीट घेऊन. तो बोलला, आणि तिने त्याचा खांदा निखळवला. तो हात धरून कळवळत बसला तशी तिने आणखी एक गुडघ्यावर घातली. घरी येऊन ती मेल्यासारखी झोपली. दारुड्याला तलफ येते तशी आपल्याला मारायची तलफ येते, हे तिला कळून चुकलं होतं. त्याची तिला भीती वाटायची, आणि ते कुणाला सांगायचं तेही कळत नव्हतं.

मग मामाची पाळी आली. बारकी टेबलाशी चादरी इस्त्री करत होती. धुलाईच्या यंत्रांची घरघर चाललेली. मामाने मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती गर्रकन वळली आणि तापलेली इस्त्री त्याच्या हातावर दाबली. दाबली ती दाबूनच धरली. कातडी चरचरली, वास सुटला, मामा गुरासारखा ओरडला. मामीने धावत येऊन तिला ढकललं आणि फाडकन तिच्या कानाखाली वाजवली.

"अजून मार मामी," बारकी शांतपणे म्हणाली. "मार ना. मला बरं वाटेल."

मामीचा पुन्हा उगारलेला हात तसाच खाली आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं. "सदरा अंगातून काढायच्या आधीच इस्त्री करायला गेलो," मामा म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाकावर बसलेल्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि गुपचूप पट्टी बांधली.

मामा बाहेर येऊन बारकीशेजारी बसला, जरा अंतर ठेवून.

"मामा, बॅटरी मी धरली होती."

त्याला काही उमगेना. मग ती सांगायला लागली, समोरच्या भिंतीकडे बघत. गावातली वीज गेली होती. बापलेक तळघरात लपले होते. तिघे सैनिक आत आले. शेजाऱ्यांची मुलं कुठे लपली आहेत, ते त्यांना बापाकडून काढून घ्यायचं होतं. त्यांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि बापाच्या तोंडावर झोत धरायला सांगितला. उजेड हलला तर तुझी पाळी, म्हणाले. मग बंदुकीच्या दस्त्यांनी मारायला लागले. बापाने काही सांगितलं नाही. बोलता येत होतं तोवर तो एकच म्हणत होता, बाळा, डोळे मीट.

"मी मिटले नाहीत. मिटले असते तर झोत हलला असता," बारकी म्हणाली. "शेवटी ते तोंड राहिलंच नव्हतं, मामा. तरी माझा हात हलला नाही."

"तू लहान होतीस गं."

"हलायला हवा होता."

डोक्यावर हात ठेवू का, असं मामाने विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. तो तसाच बसून राहिला, आणि डोळ्यांतलं पाणी पट्टी बांधलेल्या हातानेच पुसत राहिला.

त्याच दवाखान्यात मनाचे आजार बघणाऱ्या एक बाई होत्या. दर आठवड्याला तिला त्यांच्याकडे नेणं सुरू झालं. घरात ठरलं की बारकीच्या मागून कुणी यायचं नाही, लांबूनच हाक मारायची. दात पडलेल्या मुलीच्या घरी मामा-मामी जाऊन आले. बारकीला मात्र त्या लोकांनी दारात उभं करायलाही नकार दिला. त्यांचं चुकलं असं मामीला वाटलं नाही.

बरं वाटायला लागलं होतं, तोच एका दुपारी दुकानासमोर ट्रकचा टायर फुटला. बारकीने स्टूल उचललं. दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक उभं होतं, जागच्या जागी थिजलेलं. मामीने लांबूनच हाक मारली. एकदा, पुन्हा एकदा. स्टूल डोक्यावर धरून बारकी त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली, आणि मग सगळा जोर लावून तिने ते दर्शनी काचेवर घातलं. काचेचा चुराडा झाला. ती घालतच राहिली, काच संपली तरी चौकटीवर, स्टुलाचा पाय मोडेपर्यंत.

मग तिने मागे वळून पाहिलं. "कुणाला लागलं?"

"तुला," मामी म्हणाली. तिने बारकीला दिसेल असा समोरून टॉवेल पुढे केला. बारकीच्या कोपरापासून रक्त ठिबकत होतं.