मला तर पदर नव्हता

धुळ्याच्या कॉलेजातला भूषण आमच्या गावात पिक्चर काढायला आला. पिक्चर अमेरिकेतल्या गुलामांचा. तिथे गोरे मालक काळ्या माणसांना विकत घ्यायचे अन् कापूस वेचायला लावायचे. आमच्याकडे कापूस आहे, वेचणाऱ्या बाया आहेत, म्हणून तो जीवरामनानांच्या शेतात आला. नववीत शाळा सोडल्यापासून मीही तिथेच वेचते, सुंदरमावशीबरोबर.

सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. आधी त्याने आमच्या तोंडाला फासायला काजळी काढली.

"डबी बंद कर," मी म्हटलं. "नाहीतर तुझ्याच तोंडाला फासीन."

मग म्हणे, रडत वेचा. मावशीला हसू आवरेना. भूषणबरोबर आलेला ललित मुकादम झाला होता. त्याने आसूड उगारला अन् तो त्याच्याच पायात अडकला. बाया कापूसभरल्या ओट्या धरून खाली बसल्या, हसून हसून.

"बठ्ठं खोटं शे, सगळं खोटं," मी भूषणला म्हटलं. "वेचताना कोणी रडतं का? डोळ्यात पाणी आलं तर बोंड दिसेल का? अन् हिरवी बोंडं तोडायला लावतोस! मालकाने पहिला आसूड तुलाच हाणला असता."

"मग खरं कसं असतं? तूच सांग ना डिंपल."



तेवढ्यात नाना चहाची किटली घेऊन बांधावर आले. बायांच्या डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. भूषणच्या मोबाईलवर शूटिंग चालूच होतं.

नाना किटली ठेवून गेले. चहा पिताना भूषणने आम्हाला ते दाखवलं. "बघा! एवढंच खरं आलंय. हेच ठेवतो."

"गुलाम कसले रे भाऊ?" मावशी म्हणाली. "मोठा माणूस दिखना, पदर लिधा. मान दिधा, बस."

तेही खरं होतं. नाना कधी वाईट बोललेले नाहीत. संध्याकाळ झाली की आम्ही मजुरी घेऊन आपापल्या घरी जातो. त्या लोकांना जायला घरच नव्हतं. त्यांची पोरंसुद्धा मालक विकायचा, भूषणनेच सांगितलं होतं.

पण मोबाईलच्या कोपऱ्यात मी दिसत होते. बापाचा लांब बाह्यांचा शर्ट घातलेली. मला तर पदर नव्हता. तरी माझी मान सगळ्यांच्या आधी खाली गेलेली.

"काढून टाक ते."

"तूच म्हणालीस ना, बाकीचं खोटं आहे."

"तोंड माझं आहे! काढ म्हटलं ना!"

"बरं बाई, काढतो." त्याने बोट पुढे केलं.

"थांब. परत दाखव."

परत पाहिलं. मी शाळेतल्या बाईंशी भांडून घरी बसले. गावात कोणाचं ऐकून घेत नाही. मग ही कोण? हिला मान खाली घालायला सांगितलं कोणी? आसूड तर ललितच्या पायात अडकलेला.

"राहू दे," मी म्हटलं.

नाना किटली न्यायला आले. "झाला का पिक्चर?"

बायांचे पदर डोक्यावर गेले. माझी मान वाकायला लागली. ती मी वरच धरून ठेवली.

"नाना, चहात साखर कमी होती."

मावशीने मला चिमटा काढला. नाना माझ्याकडे बघून हसले. "उद्या जास्त टाकायला सांगतो."

मी भूषणकडे पाहिलं. मोबाईल त्याने खिशात ठेवून दिला होता.