लिंबाच्या मठातला लोड

मी लोड बोलतोय. गादीवर पाठ टेकायला ठेवतात, तो. सांगतो ते अगदी खरं, आमच्या मोर्णा नदीची, मोर्णामाईची शपथ. आता माझ्या पोटात काय काय भरलं गेलं ते पाहता, शपथेवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला. सहा शेर कापूस पिंजून माझ्यात भरला, वर भगवी खोळ चढवली आणि लिंबाच्या मठात सहदेवबुवांच्या गादीवर ठेवलं. बुवा मठाचे महंत. प्रवचन संपलं की "नारायण!" म्हणायचे आणि मागं न पाहता धाडकन माझ्यावर अंग टाकायचे. बावीस वर्षांत त्यांना कधी लागू दिलं नाही मी.

मग सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली. तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी उशा विकल्या. जावयाची गादीही विकली. एका दुपारी माझी शिवण उसवली. उसवणारा भगवंत चेला होता. मूठभर कापूस काढून त्यानं तुरीची फोलपटं भरली. मग शालिकराम चेला आला. पुढं हे रोजचंच झालं; दोघंही उरकून, हात धुऊन आरतीला जायचे.

आणि त्या सकाळी तिसरा हात आला. उरलासुरला कापूस घेऊन गेला आणि आकार राहावा म्हणून एक वीट घालून गेला. हात ओळखीचा होता. नाव घ्यायला लाज वाटते.

त्या दिवशीचं प्रवचन लोभावर होतं. "सोडा रे, सगळं सोडा!" बुवा म्हणाले, "नारायण!" म्हणाले आणि पडले. ठक् झालं. परत उठले नाहीत. डोक्याला फेटा होता, त्यामुळं जखम कुणाला दिसली नाही.

सगळे पार्बताबाईवर धावले. ती मठातली स्वयंपाकीण. बुवांना सकाळी आंबील तिनंच दिली होती.

"काल हे बाईच म्हणे, मरत काहून नाही हा बुवा!" शालिकराम ओरडला.

"म्हटलं जी! तीनदा तूप मांगे तो. पण म्हटल्यानं माणूस मरते काय?"

पंजाबराव पाटील चौकशीला आले. म्हणाले, "फौजदाराले बोलावतो. फाशीच होते इले." मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड नव्हतं. पाटील ऐसपैस बसले, मला ओढलं आणि डोकं टाकून रेलले.

"मेलो वं माय!"

डोकं चोळत त्यांनी मला फाडलं. फोलपटं सांडली, मागून वीट.

"म्या दोनच मुठी घेतल्या, पाटील! वीट माही नाही!" भगवंत म्हणाला.

"म्या तीन. पण फोलपटं भरली जी, इमानदारीनं!" शालिकराम म्हणाला.

पार्बताबाईनं वीट उचलून पाहिली. "हे त बुवाची टाचा घासाची वीट व्हय. सकायपासून न्हाणीत पाहून राहिली मी."

बुवांच्या पलंगाखाली झोळी निघाली. आत माझाच कापूस. विकायच्या घाईत माणूस स्वतःची सवय विसरला होता.

मग पाटील म्हणाले, "बुवानं समाधी घेतली. समजलं? वीट जिथली तिथं शिवा."

"अन् माह्यं काय?" पार्बताबाई उभी राहिली. "अख्खं शहर मले जहरवाली म्हणून राहिलं. तुमी तिघं बाहीर बसा. तेच आंबील खा, लोकाइसमोर. नाही त मी विटेचं सांगीन."

पाटील आणि दोघे चेले मठाच्या ओट्यावर बसले. गर्दीसमोर वाट्या रिकाम्या केल्या. शालिकरामानं दुसऱ्यांदा मागून घेतली. तेव्हा कुठं लोकांनी तिच्यासाठी वाट सोडली. ती कुणाकडं न बघता सरळ चालत गेली. मठात परत आली नाही.

मी मात्र इथंच आहे, बुवांच्या समाधीवर. बाया माझ्यावर कपाळ टेकवतात, पोरांना चांगली बुद्धी मागतात. मान खाली घालावी म्हटलं, तर मला मान नाही. तेव्हा हात जोडून नाही, पण विनवून सांगतो, नमस्कार लांबूनच करा. वीट अजून आत आहे.

गोष्ट ऐकलीत ना? मग दक्षिणा म्हणून काढा एक मूठ कापूस. कुणाच्या उशीतला, ते मी विचारणार नाही.