सोनूबाईच्या रानातली साखळी

मी एक जुनी, जमीन मोजायची साखळी आहे. शंभर कड्या आणि दोन टोकांना पितळी मुठी. जालन्याच्या लोहाराने मला दोनदा सांधले. निजामाचे राज्य गेले, नकाशांवर उर्दूच्या जागी मराठी आली. माझी लांबी तेवढीच राहिली.

मित्रांनो, सडक कुठून जाणार हे गावाच्या आधी मला कळे. मोजणीदार श्रीपतराव माझे एक टोक धरत, त्यांचा गडी पुंजाराम दुसरे. नकाशा मंजूर होईपर्यंत वाच्यता करायची नाही, असा हुकूम होता. हे गुपित राखण्याचा मला फार अभिमान होता.

१९५७ साली आम्ही सडकेच्या मोजणीला केदारखेड्याला गेलो. श्रीपतरावांचा मेहुणा बद्रीनाथ मुक्कामी आला.

"दाजी, सडक कोन्या रानातून जाऊन राह्यली, येवढंच सांगा. बाजूची जमीन घेऊन टाकतो."

"बिलकुल न्हाई," श्रीपतराव म्हणाले. तो रागारागाने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई नावाची विधवा आम्हाला बांधावर भेटली. तिने विहिरीची जागा आखली होती, नेमकी आमच्या रेषेवर.

"साहेब, हितं खोदावं म्हन्ते. बराबर ऱ्हाईल ना?"

"मला पाण्याचं काय कळतं, बाई?" म्हणून श्रीपतराव पुढे चालू लागले.

उन्हाळाभर ती आणि तिचे दोन लेक खोदत राहिले. पाणी लागले. पोळ्यानंतर आम्ही सडकेचे दगड रोवायला गेलो, तेव्हा ती काठावर उभी होती.

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हतं. पण मी सख्ख्या मेहुण्यालाबी न्हाई सांगितलं. त्याला सडकेबाजूची जमीन घ्यायची व्हती."

"त्यो नफ्यासाठी इचारत व्हता, साहेब. म्या कुदळ मारायच्या आधी इचारलं."

सडक तीस हात सरकवावी म्हणून श्रीपतरावांनी वर अर्ज केला, त्यात स्वतःची चूक लिहिली. अर्ज नामंजूर झाला. विहीर बुजली. त्यानंतर मात्र कुठल्याही गावी मला उलगडण्याआधी ते चावडीवर सगळ्यांना बोलावत. "रेषा पक्की न्हाई, पण ह्या पट्ट्यात सध्या विहीर, घर काही सुरू करू नका." वरून त्यांच्यावर ठपका आला. त्यांनी रीत सोडली नाही.

आता मी कचेरीत खिळ्याला टांगलेली आहे. अधूनमधून मला तेलाचे बोट लावा, मित्रांनो. आणि एखादी गोष्ट तुम्हाला इतरांच्या आधी कळली, तर न कळल्याने कोणाचे कष्ट मातीत जातील, तेवढे बघा.

पहिली विहीर बुजल्यावर सोनूबाईने दुसरी खोदायचे ठरवले, तेव्हा श्रीपतरावांना निरोप धाडला. रविवार होता. ते मला खांद्यावर टाकून पायी गेले, सडकेपासून तिच्या खुणेपर्यंत मला ताणले आणि म्हणाले, "खोदा, बाई."