घेतलं म्हणेपर्यंत

चादरीचं ओलं टोक तिच्या मुठीत होतं आणि समोरचा यंत्राचा हात ते ओढत होता – हळूच, पण ओढतच... आणि तिला काही ते सोडवेना. लाल दिवा लागला. इस्पितळाचं धुलाईघर ठप्प झालं.

"मावशी, सोडायचं असतं," मेकॅनिक धावत आला. "पकडलंय त्यानं."

"पण तो बोलला कुठे?"

मेकॅनिक हसला, तीही हसली. त्याला काय कळणार! इतकी वर्षं समोर थोरली जाऊ असायची. ओल्या चादरींचा गठ्ठा पुढे करायचा आणि तिनं "घेतलं" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही, नाहीतर गठ्ठा पायावर. घेतलं... घेतलं... आणि मधल्या वेळात घरादाराच्या उखाळ्यापाखाळ्या. आता जाऊबाई चादरींच्या घड्या घालायच्या खोलीत, आणि इथे हा मुखदुर्बळ यंत्राचा हात.

पण त्याला नावं ठेवायला जीभ उचलत नाही, हेही खरं. ओझी स्वतः उचलून त्यानं तिची धरलेली कंबर सोडवली. हल्ली ती भिंत न धरता उठते, नातीला कडेवर घेते. परवा तर न्हाणीघरात उगाचच वाकून पाहिलं – वाकता येतं म्हणून! देवमाणूस म्हणावं, तर माणूसच नाही. उपकार मानायचे कुणाचे? आणि दिवसभर कुणाशी बोलणं नाही, संध्याकाळी घरी जाऊन तोंड उघडलं की स्वतःचाच आवाज परका वाटतो... त्याचं काय?

घडीच्या खोलीत एक जागा रिकामी होती. जायचं तर आजच सांगा, असं मुकादम म्हणाले होते. तिथे माणसं होती. टोपल्या मात्र हातानंच उचलायच्या.

जेवणाच्या सुट्टीत ती तिकडे गेली.

"जाऊबाई, येऊ का इकडे?"

जाऊ टोपलीवर ओणवी होती. सरळ होताना तिनं कमरेवर हात दाबला.

"तुझ्यावाचून करमत नाही गं मला," ती म्हणाली. "पण येऊ नकोस. तुझी कंबर परत धरलेली मला बघवणार नाही."

एका चुलीपाशी दोघींनी किती भांडी आपटली होती, किती दिवस अबोला धरला होता – आणि ही असं बोलते! मुकादमांना काय सांगायचं ते अजूनही ठरत नव्हतं, पण सकाळपासूनची ती घालमेल कुठच्या कुठे गेली होती. ज्याला ऐकू जाईल असं माणूस समोर उभं होतं. तिनं वाकून टोपलीची दुसरी कड धरली. "घेतलं," ती म्हणाली.