एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

मित्रांनो, माझी सोळा पानं गेल्याचं कळलं, त्या दिवशी वाचनालयात दहा-बारा मुलं बसली होती. पाळी काकाची होती. हा काका म्हणजे नववीतलाच मुलगा. पण बोलणं इतकं पोक्त, की वर्गाने त्याला काका करून टाकलं होतं. त्याने मला उघडलं, वर्तुळाचा धडा काढला आणि थांबला. एकशे बारानंतर थेट एकशे एकोणतीस.

“बाई, पानं नाहीत,” तो म्हणाला.

ग्रंथपाल बाई उठून आल्या. त्यांनी शिवणीजवळ बोट फिरवलं, तर ब्लेडने कापलेली कड लागली. मग त्यांनी नोंदवही पाहिली.

“काल शेवटचा तूच होतास ना? आणि आज पहिला तूच?”

“हो, पण बाई...”

“पण-बिण काही नाही. परीक्षा तोंडावर आली की अक्कल गहाण ठेवता का रे?”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, पानं पचली का?” सगळे हसले. बाईंनी त्याच्या नावावर लाल रेघ ओढली. काकाने दप्तर उचललं, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला. पुन्हा वाचनालयात आला नाही.

मी भूमितीची एक जुनी, जाडजूड वही आहे. एका शिक्षकांनी निवृत्त होण्याआधी अवघड उदाहरणं रीतीसकट माझ्यात उतरवली आणि मला शाळेला दिलं. माझ्यासारखी दुसरी प्रत नाही. शाई फिकी, त्यामुळे जेरॉक्सवर उमटत नाही. बाईंच्या नवऱ्याने मला बांधलं. तो बाइंडर. सोळा-सोळा पानांचे जुज, म्हणजे छोटे गठ्ठे, त्याने दोऱ्याने शिवले आणि वर कापडी पुठ्ठा चढवला. “ही आपल्या नातवंडांपर्यंत टिकेल,” असं तो बाईंना म्हणाला होता. त्यांना मूल झालं नाही. मी टिकले.

बाईंचा नियम असा, की मला घरी न्यायचं नाही. प्रत्येकाला अर्धा तास. टेबलावरचं घड्याळ पाहून बाई म्हणायच्या, “चला, उठा, दुसऱ्याला बसू द्या.” अशी पंचवीस वर्षं मुलांनी माझ्यातून उतरवून घेतलं. मला ते फार आवडायचं.

मग शाळेने दहावीची ‘अ’ तुकडी फक्त गुणांवर भरायचं ठरवलं आणि मुलांची चाल बदलली. पहिल्या चार नंबरांची एक चौकडी झाली. ती एकत्र अभ्यास करायची, एकत्र डबा खायची. आपल्यालाही तिथे जागा मिळावी असं अनेकांना वाटायचं. भिंगरीला सगळ्यात जास्त. ही मुलगी एका जागी बसायची नाही, म्हणून हे नाव. काकाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. पहिलीपासून दोघं शाळेत बरोबर यायची.

“आमचं सगळं उतरवून झालंय,” चौकडीतली एक तिला म्हणाली. “इतरांचं व्हायला नको. शाळा सुटल्यावर बाईंना कपाट लावायला तूच थांबतेस ना? मग बघ. आमच्यात यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.”

भिंगरीने ठरवलं. बाई कपाटाशी होत्या तेव्हा तिने ब्लेडने ती सोळा पानं कापली. चौकडीने त्या पानांचे तुकडे करून गटारात टाकले आणि तिला खुर्ची दिली. परीक्षा झाली. भिंगरी ‘अ’ तुकडीत गेली, काका ‘क’ तुकडीत. त्यानंतर काकाच्या दारावरून जाताना ती जिना पळत उतरायची.

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि एका दुपारी ती बाईंच्या टेबलाशी आली. रडत रडत सगळं बोलून गेली. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला कपाटातून काढलं आणि कापलेल्या कडेवर पुन्हा बोट फिरवलं.

“सगळ्यांदेखत बोलले गं मी त्या पोराला,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बाइंडर त्यांना न्यायला आला. त्यालाही सांगितलं.

“मग आत्ताच जाऊ या की. वाटेतच घर आहे त्याचं.”

“रिकाम्या हातांनी? अहो, वही पूर्ण करते, त्याच्या हातात देते आणि मग माफी मागते.”

“माफीला वही कशाला लागते?”

“तुम्हाला नाही कळायचं.”

त्याने बाईंची पिशवी उचलली आणि विषय सोडला. जरा लवकरच गप्प बसणारा माणूस होता तो.

बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप पाठवले. एक नर्स आली, एक शिंपी आला. एक बसचालक डोकं खाजवत म्हणाला, “बाई, वर्तुळ म्हटलं की मला आता स्टीअरिंगच आठवतं,” पण आपली शाळेतली वही त्याने जपून ठेवली होती. कुणाकडे दोन उदाहरणं निघाली, कुणाकडे पाच. बाई सांगायच्या, भिंगरी लिहायची. चौकडीतली तिची खुर्ची केव्हाच गेली होती. चौदा पानं झाली. शेवटच्या दोन पानांवरची उदाहरणं कुणाकडेच सापडेनात.

एका मंगळवारी बाई आल्या नाहीत. सकाळी त्या उठल्याच नव्हत्या. पुढच्या आठवड्यात बाइंडर एकटाच कपाटाच्या किल्ल्या द्यायला आला आणि मला घरी घेऊन गेला. नवा जुज शिवायला बसला, तर त्याला सुईत दोरा ओवता येईना. इतकी वर्षं सुई बाई ओवून देत होत्या.

“दोन पानं भरली की जाऊ काकाकडे,” लिहिलेली पानं घेऊन आलेली भिंगरी त्याला सुई ओवून देत म्हणाली.

“नको,” तो म्हणाला. “आजच जा. मी जिन्याखाली थांबतो.”

काकाने दार उघडलं. तिने एका दमात सांगितलं.

“तू होतीस?” तो म्हणाला. “सगळे हसले तेव्हा मला वाटलं, तुला तरी खरं वाटेल माझं.”

भिंगरीने मला पुढे केलं. त्याने मला घेतलं, पानं उलटली.

“बाईंचं अक्षर नाही हे.”

“माझं आहे. बाईंनी सांगितलं, मी लिहिलं.”

“म्हणजे बाईंना कळलं होतं? जाण्याआधी?”

भिंगरीने जिन्याकडे पाहिलं. बाइंडर जिना चढून वर आला.

“ती येणार होती,” तो म्हणाला. “मी तेव्हाच आणायला हवं होतं.”

काकाने दोघांकडे पाहिलं. मग त्याच्या नेहमीच्या वडीलधाऱ्या आवाजात म्हणाला, “आत या. दारात उभं राहून बोलायच्या गोष्टी नाहीत या.”

मित्रांनो, आता मी पुन्हा कपाटात आहे. मला जपून हाताळा, पानं दुमडू नका. पण त्याहून मोठी गोष्ट सांगते. तुमच्यामुळे कुणावर आळ आला, तर त्याच्या घरी लगेच जा. हात रिकामे असले तरी जा.

भिंगरी आणि काका जिना बरोबर उतरतात, पण अजून फारसं बोलत नाहीत. एकशे सत्तावीस आणि एकशे अठ्ठावीस ही पानं कोरी आहेत. आणि बाईंना स्वतः काकाची माफी मागायची होती, ती राहिली.