उलटा ठसा

"यकृत कुठंय ते दाखव, म्हातारे," डॉक्टर फान स्खेल म्हणाले आणि माझं चित्र त्यांनी हिलेखोंटबाईंच्या नाकासमोर धरलं.

गावातल्या सुईणींची परीक्षा होती. तीस वर्षं अर्धं गाव ज्यांच्या हातांत जन्मलं, त्या बाईंना आता परवान्यासाठी लायडनच्या विद्यापीठात शिकून आलेल्या या दीडशहाण्यापुढं उभं राहावं लागत होतं. चित्रात गरोदर बाईचं पोट उघडून दाखवलेलं, आत गर्भाशय, त्यात डोकं खाली केलेलं बाळ. तांब्याच्या पत्र्यावर ते मी कोरलं होतं, म्हणून मलाही बोलावलं होतं.

बाईंनी चित्र पाहिलं आणि फिसकन हसल्या. "हिची कलेजी डावीकडं कशी गेली?"

"काय?"

"बाईची कलेजी उजवीकडं असते, डॉक्टर. डुकराचीसुद्धा. दर नोव्हेंबरात फाडते की मी!"

बाईंचं बरोबर होतं. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून आम्ही मुळात उलटंच कोरतो. या एका पत्र्यावर मी ते विसरलो होतो. तीनशे कागद छापून झाले होते आणि प्रत्येकाच्या तळाशी माझं नाव होतं.

डॉक्टर लालबुंद झाले. चूक त्यांना दिसली होती. तरी शेजारी बसलेल्या नगरसभेच्या कारभाऱ्याला ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं, "योस्त, चित्र चुकलंय? नीट विचार करून सांग. माझ्या पुस्तकातली पुढची बावीस चित्रं कुणाला द्यायची, ते अजून ठरायचंय."

"चित्र बरोबर आहे," मी म्हणालो.

"ऐकलंस, म्हातारे? जिला चित्र कळत नाही, ती बाळंतपण काय करणार!"

कारभाऱ्यानं मान डोलावली आणि परवाना नाकारला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या बायकोची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली होती. मला माझी किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा त्या दारावरची सुईणीची तांब्याची पाटी पक्कडीनं उपटत होत्या.

"मावशी, मी उद्या जाऊन कारभाऱ्याला खरं सांगतो."

"उद्या! काल तोंडाला बूच लावलं होतं काय रे?" त्यांनी पाटी माझ्या हातात कोंबली. "घे. मागनं कोरी आहे. काढ चित्रं."

पाटी काखेत मारून मी कालव्याच्या कडेनं घरी आलो.