बिनक्लचची गाडी आणि चंद्राबाईंची पंचमी

कोरेगावच्या लालासाहेबांनी मुंबईच्या लिलावातून एक लांबलचक अमेरिकन गाडी आणली. तिला क्लचच नव्हता. स्टेअरिंगजवळचा दांडा एका खुणेवर आणून ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी पुढं, दुसऱ्या खुणेवर मागं, मधे ठेवला की मोकळी. इतकं सोपं यंत्र बिघडवायलाही अंगात काही असावं लागतं. ते या घरात दोघांच्या अंगात होतं. एक खुद्द लालासाहेब आणि दुसरा त्यांचा ड्रायव्हर ज्ञानू, पलटणीतले ट्रक चालवून पेन्शनीत आलेला.

झळ मात्र बसणार होती लालासाहेबांच्या बायकोला, चंद्राबाईंना. त्यांचं माहेर शिराळ्याचं, जिथं नागपंचमी म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण. शिराळ्याच्या लेकीनं नागपंचमीला सासरी बसून राहायचं म्हणजे काय, हे कोरेगावात कुणाला समजावून सांगणार? दरवर्षी त्यांचा भाऊ अर्जुना मुराळी म्हणून न्यायला यायचा आणि पोटभर जेवून एकटाच परत जायचा. कधी उसाला पाणी द्यायचं असायचं, कधी कारखान्याची निवडणूक, एकदा तर म्हैस व्यायला झाली होती. यंदा लालासाहेबांनी ऐटीत निरोप धाडला, मुराळी पाठवू नका, आम्ही स्वतःच्या गाडीतून येतो. म्हणजे आता गाडी बसली की पंचमीही बुडाली.

लालासाहेबांची खोड अशी, की गाडी मागं सरकत असतानाच ते दांडा पुढच्या खुणेवर ओढायचे. आतून खडाक् आवाज यायचा आणि तो त्यांना आवडायचा. चावडीपुढं तर मोकळ्या गाडीचं इंजिन आधी बोंबलवून घ्यायचे आणि मग दांडा टाकायचे. बुजलेल्या खोंडासारखी गाडी उसळायची, चावडीवरचे रिकामटेकडे धडपडून उभे राहायचे. लालासाहेबांना वाटायचं, मान देतात.

ज्ञानूची तऱ्हा निराळी. त्याच्या डाव्या पायाला जन्मभर क्लच दाबायची सवय. इथं क्लच नाही म्हटल्यावर तो पाय ब्रेकवर जाऊन बसला. उजवा पाय गाडीला पळ म्हणायचा आणि डावा थांब म्हणायचा. शिवाय उतार आला की पेट्रोल वाचवायला तो दांडा मोकळा करायचा आणि तळाशी भरधाव गाडीतच परत अडकवायचा. पेट्रोल भडकल्याचे दिवस होते, त्यामुळं मालक वर त्याला शाबासकी द्यायचे.

गिअरबॉक्स दोनदा उतरवावा लागला. साताऱ्याच्या निजाम मिस्त्रीनं पहिल्या खेपेला अख्ख्या अमेरिकेला शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेला त्यानं आतलं तेल बोटावर घेऊन लालासाहेबांच्या नाकाशी धरलं. काळंकुट्ट तेल, फोडणी करपल्यासारखा वास.

"गाडी चांगली हाय, मालक. तुमचे हातपाय वंगाळ हायत," निजाम म्हणाला. "गाडी ठार उभी ऱ्हायल्याबिगार दांड्याला हात लावू नका. आता जळली तर सामान मिळायचं न्हाई. मग आत कोंबड्या डालायच्या."

मिस्त्री फार उद्धट आहे, एवढंच लालासाहेबांनी त्यातून घेतलं. मागच्या सीटवरच्या चंद्राबाईंनी मात्र शब्द न् शब्द टिपला. त्यांना ते नवीन नव्हतंच. बापाच्या रानात त्यांनी मोट हाकली होती, आणि बैल नीट उभा राहिल्याशिवाय त्याला माघारी फिरवत नाहीत हे त्यांना परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं. नवऱ्याला सांगून पाहिलं. बायकांना यंत्रातलं काय कळतंय, म्हणून ते कुशीवर वळले आणि घोरायला लागले. मग रोज दुपारी ते घोरायला लागले की चंद्राबाई खळ्यात गाडी फिरवू लागल्या. सुरुवातीला कोंबड्या ओरडायच्या, पुढं त्याही सरावल्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी तिघं निघाली. कराड मागं पडलं आणि एका उतारावर ज्ञानूनं दांडा मोकळा केला. चंद्राबाई नको नको म्हणेपर्यंत त्यानं तळाशी तो परत टाकलाही. गाडीला हिसका बसला आणि करपट वास सुटला. मग लालासाहेब त्याला उठवून स्वतः बसले. रस्त्याकडेला घ्यायची म्हणून गाडी मागं घेतली आणि मागं जाता जाताच पुढं ओढली. खडाक्. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना.

पुष्कळ वेळानं, निवल्यावर, ती जरा ओढायला लागली. लालासाहेब म्हणाले, आता माघारी साताऱ्याला, निजामकडं. पंचमी काय, पुढच्या वर्षी येतेच.

चंद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. इतकी वर्षं ऊस आडवा आला, म्हैस आडवी आली, त्यांनी गिळलं. आता दोन बाप्यांच्या खोडींपायी बुडालेली पंचमी त्यांना गिळवेना.

"तुमी दोघं मागं बसा," त्या म्हणाल्या.

लालासाहेब हसले, मग बायकोचं तोंड बघून गुमान मागं गेले. ज्ञानूनं लायसनचा विषय काढला. चंद्राबाईंनी विचारलं, तुझ्याकडं हाय न्हवं? मग गाडीत लायसन हाय.

गाडी हळू निघाली, पण निघाली. एकच पाय, तोही बेतानं. आडव्या आलेल्या बैलगाडीमागं त्या थांबल्या, उतारावर दांड्याला हात लावला नाही. प्रत्येक उताराला मागं ज्ञानूचा हात शिवशिवत होता. पेठ नाक्यावर ओळखीचं कुणी बघेल म्हणून लालासाहेब उपरण्यात तोंड लपवून सीटखाली सरकले.

शिराळ्याची शीव आली तशी ते वर आले. आवाज मऊ करून म्हणाले, "चंद्रा, आता तरी मला बसू दे. सासुरवाडी हाय माझी. लोकं काय म्हनतील?"

चंद्राबाईंनी ब्रेक दाबला. गाडी पुरती उभी राहिली, दांडा मात्र पुढच्याच खुणेवर होता. लालासाहेबांनी आशेनं दाराला हात घातला. पलीकडं झाडांना झोके टांगलेले दिसत होते आणि पोरी ओरडत होत्या. चंद्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं, कुंकू ठीक केलं.

"लोकं म्हनतील, चंद्रा म्हायारी आली."

आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.